रात्री दोनला काटा बंद पडला, तर फोन कुणाला?

वाचकाचं पत्र: "ताई, मी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात ईडीपी, म्हणजे संगणक विभाग सांभाळतो. आम्ही तिघंच आहोत. वजनकाटा, ऊसनोंद, ऊसबिलं, पगार, स्टोअर, सगळं आमच्या सर्व्हरवर चालतं. गेल्या दिवाळीआधी लोक किती सावध आहेत ते बघायला मी बोनसच्या यादीचा खोटा मेल पाठवला. एकोणीस जणांनी लिंक उघडली. अकाउंट्समधल्या एका ज्येष्ठ काकांनी तर पासवर्डही भरला. मी सगळ्यांची नावं कारखान्याच्या ग्रुपवर टाकली. तेव्हापासून अकाउंट्समधलं कुणी माझ्याशी धड बोलत नाही. आता हंगामाआधी खऱ्या सायबर हल्ल्यासारखा एक सराव घ्यावा असं मनात आहे. एमडी साहेब म्हणतात, 'आजवर काही झालंय का? मग हे नाटक कशाला?' पुण्याच्या एका एजन्सीनं बाहेरून हल्ला करून दाखवायचे काही लाख सांगितलेत. काय करू?"

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा काकांपाशी थांबले. सरावाचं बोलूच, पण आधी हे.

बोनसचं आमिष दाखवून माणसं तपासण्याची चूक करणारे तुम्ही एकटे नाही. अमेरिकेतल्या गोडॅडी या मोठ्या कंपनीनं डिसेंबर २०२० मध्ये नेमकं हेच केलं होतं. ऐन कोरोनाच्या वर्षात कर्मचाऱ्यांना ६५० डॉलरच्या सणाच्या बोनसचा मेल गेला, सुमारे पाचशे जणांनी माहिती भरली, आणि नंतर त्यांना कळवण्यात आलं की तुम्ही परीक्षेत नापास झालात. कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. बोनसवर माणसाची वर्षभराची गणितं अवलंबून असतात. पोराची फी, घराची डागडुजी, पाहुण्यांचं लग्न. तिथं हात घालून सावधगिरी मोजता येत नाही, त्या माणसाची गरज किती आहे तेवढं कळतं.

तेव्हा उद्या सकाळी काकांच्या टेबलापाशी जा. फोन नको, मेसेज तर नकोच. "काका, चुकलं माझं, नावं टाकायला नको होती," एवढं म्हणा. "पण तुम्हीही पासवर्ड भरायला नको होता" हे शेपूट त्याला जोडू नका. आणि नावं ज्या ग्रुपवर टाकली होती, त्याच ग्रुपवर माफीही लिहा. अपमान चारचौघांत झाला, तर माफीही चारचौघांतच मागायला हवी.

यात कामाचाही मोठा भाग आहे. खऱ्या हल्ल्याची पहिली खबर बहुतेक वेळा एखादा माणूसच देतो. "साहेब, माझ्याकडून काहीतरी उघडलं गेलं, फायलींची नावं बदलायला लागलीत," असा फोन पाच मिनिटांत आला, तर तो एक संगणक वेगळा करून बाकीचे वाचवता येतात. आपलं नाव ग्रुपवर येईल या भीतीनं तोच माणूस गप्प राहिला, मशीन बंद करून घरी गेला, तर सकाळपर्यंत सर्व्हरही गेलेला असतो. आज तुमच्याकडे तो फोन कुणीही करणार नाही. सरावाच्या आधी दुरुस्त करायची पहिली गोष्ट हीच आहे. पुढं कधी असा मेल पाठवलाच, तर लिंक किती जणांनी उघडली हे मोजू नका. किती जणांनी तुम्हाला कळवलं आणि पहिला फोन किती मिनिटांत आला, हे मोजा. पहिला फोन करणाऱ्याचं नाव मात्र खुशाल ग्रुपवर टाका.

आता एमडी साहेब. त्यांच्याशी सायबरची भाषा बोलूच नका, बॉयलरची बोला. दर वर्षी तुमच्या बॉयलरची तपासणी होते, हायड्रॉलिक टेस्ट असते तेव्हा नेहमीच्या दाबापेक्षा जास्त दाबानं पाणी भरून कुठं गळतंय का ते बघतात. गेल्या वर्षी बॉयलर फुटला नाही म्हणून यंदा टेस्ट नको, असं कुठल्याही एमडींनी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. त्याला कुणी नाटकही म्हणत नाही. तुम्हीही तेच मागताय. ऊस यायच्या आधी, माणसं निवांत असताना, जास्त दाब देऊन बघायचंय की आपली व्यवस्था कुठं गळते.

त्यानंतर त्यांच्यासमोर एकच हिशोब ठेवा. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून चौदा दिवसांत एफआरपीचे, म्हणजे केंद्रानं ठरवलेल्या किमान ऊसदराचे पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दरानं व्याज. समजा ऐन जानेवारीत बिलांचा डेटा कुलूपबंद झाला. कुणाचा किती ऊस आला, कुणाची सोसायटीची वसुली किती, हे सांगता येईना. चौदा दिवस काही तुमच्यासाठी थांबणार नाहीत. आणि शेतकरी? "व्हायरस आला" हे कारण घेऊन गावच्या पारावर उभं राहून बघा. लोकांना वाटेल बिल बुडवायचा डाव आहे. हा मुद्दा साहेबांना लगेच कळेल.

सराव म्हणजे नेमकं काय, याबद्दल तुमच्या पत्रात जरा गोंधळ आहे. एजन्सीनं सांगितलेला प्रकार म्हणजे परवानगी देऊन आपल्यावर खरोखर हल्ला चढवून घेणं. त्याची वेळ येईल, पण यंदा नको. ज्या घराला दारच बसवलेलं नाही, तिथं कुलूप फोडून दाखवायला पैसे कशाला द्यायचे? पहिल्या वर्षी टेबलाभोवती बसून करायचा सराव घ्या. इंग्रजीत याला टेबलटॉप म्हणतात. कुणीही कुठल्याही संगणकाला हात लावत नाही. एकजण गोष्ट सांगतो, बाकीच्यांनी आपापल्या जागेवरून "मी आता काय करेन" ते सांगायचं. खर्च चहा-पोह्यांचा.

तुम्ही सांगलीकडचे, तुम्हाला हे समजायला जड नाही. पावसाळ्यात आपल्याकडे सकाळी उठल्या उठल्या पहिला प्रश्न काय असतो? "आयर्विनला किती फूट?" कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ म्हणजे धोका पातळी. हे आकडे पाणी चढायच्या आधी ठरलेले आहेत. त्यामुळे ४० झाले की गोठ्यातली जनावरं कुठं न्यायची, दुकानातला माल कोणत्या माळ्यावर चढवायचा, यासाठी कुणी बैठक बोलवत नाही. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या गल्लीत ज्यांनी आकड्यावर विश्वास ठेवून वेळेत माल हलवला त्यांचा वाचला. "एवढं नाही चढणार" म्हणत बसलेल्यांची हळदीची पोती मी पाणी ओसरल्यावर उघडताना पाहिली आहेत. तो वास अजून जात नाही.

तुमच्या कारखान्यात सायबरचे ४० फूट कुठं आहेत? एक संगणक बंद पडला, तर इशारा पातळी. दोन खात्यांतले संगणक एकाच वेळी विचित्र वागायला लागले, तर धोका पातळी. त्या क्षणी काट्यावरची, अकाउंट्सची, शेती खात्याची नेटवर्कची वायर ओढायची, आणि ती कुणाला न विचारता ओढायचा अधिकार रात्रपाळीच्या एका माणसाकडे लेखी हवा. सरावातून हे आकडे आणि हा माणूस ठरला, बाकी काहीच ठरलं नाही, तरी माझ्या मते सराव सार्थकी लागला.

आता ती संध्याकाळ कशी घ्यायची ते सांगते.

सप्टेंबरात घ्या. दसऱ्याच्या आसपास बॉयलर अग्निप्रदीपनाची गडबड सुरू झाली की कुणी बसणार नाही, आणि गव्हाणीत मोळी पडल्यावर तर विचारूच नका. एमडी, चीफ अकाउंटंट, शेती अधिकारी, चीफ इंजिनिअर, सुरक्षा अधिकारी आणि तुमचं खातं. यांच्या जोडीला काट्यावरचा प्रत्यक्ष रात्रपाळीचा क्लार्क आणि शेतावर ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा एक चिटबॉय बोलवाच. साहेबांसमोर ते बोलायला बुजतील, म्हणून त्यांना साहेबांच्या शेजारीच बसवा आणि पहिला प्रश्न त्यांनाच विचारा. आणि काकांना नोंदी लिहायला सांगा. कोण काय म्हणालं, किती वाजता, ते सगळं काकांच्या वहीत उतरू दे. इतकी वर्षं खतावणी लिहिलेला माणूस आहे, त्यांच्या नोंदीत खाडाखोड नसेल.

मग गोष्ट सुरू करा. जानेवारी महिना, शनिवारची रात्र, दोन वाजून दहा मिनिटं. यार्डात ट्रॅक्टर, बैलगाड्या उभ्या आहेत, थंडी मरणाची. भरगाडी काट्यावर चढली, क्लार्कनं कोड टाकला, स्क्रीन काळी झाली आणि इंग्रजीत मजकूर आला: तुमच्या फायली आम्ही बंद केल्यात, पैसे भरा. आता क्लार्कला विचारा, "तुम्ही काय कराल?"

इथं थांबा. कुणालाही उत्तर सुचवू नका. तो म्हणेल, "ईडीपीच्या साहेबांना फोन करीन." छान. नंबर कुठं आहे? मोबाइलमध्ये. मोबाइल चार्ज नसेल तर? साहेब उचलत नाहीत, दुसरा कोण? तीन प्रश्नांत तुम्हाला पहिली गळती सापडेल. मी एका संस्थेत असा सराव घेतला होता. तिथल्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे यादी आहे ना!" उठल्या, ड्रॉवर उघडला, प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला. यादी २०११ सालची होती. बाई वरून एकेक नाव वाचत गेल्या, तिसऱ्या नावाला थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हे तर गेले." पाचवेही गेलेले होते. खोलीत कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नवी यादी भिंतीवर लागली होती, तीही कुणी आदेश न काढता.

गोष्ट पुढं सरकवत राहा. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक चिठ्ठी काढून वाचा. अडीच वाजता: ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवायला लागले. तीन वाजता: कुणीतरी स्क्रीनचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. साडेतीनला: शेती अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं की उद्याचा तोडणी कार्यक्रमही त्याच सर्व्हरवर आहे, टोळ्यांना कुठल्या फडात पाठवायचं ते कळत नाही. पहाटे सहाला: एका वार्ताहराचा एमडींना फोन. प्रत्येक चिठ्ठीला एकच विचारायचं, हे कोण ठरवणार?

काट्याच्या प्रश्नावर मात्र सगळ्यात जास्त वेळ घालवा. इलेक्ट्रॉनिक काट्याचा इंडिकेटर सर्व्हरशिवायही वजन दाखवतो. म्हणजे काटा जिवंत असतो. फक्त पावती, शेतकऱ्याचा कोड आणि नोंद बंद पडलेली असते. ऊस तोडून ठेवला की वाळतो, वजन घटतं, साखरेचा उतारा घटतो, म्हणून गाड्या परत पाठवणं कुणालाच परवडत नाही. मग हातानं पावती लिहायची. पण काटामारीचा संशय आपल्या भागात किती खोल रुजलाय ते मी तुम्हाला सांगायला नको. एका रात्रीत अचानक हातानं लिहिलेली वजनं दिसली तर सकाळी गेटवर गर्दी जमेल. त्यामुळे आधीच क्रमांक छापलेली, तीन प्रतींची पावतीपुस्तकं काट्याच्या केबिनमध्ये कुलपात असायला हवीत. भरगाडीचं आणि रिकाम्या गाडीचं वजन, गाडी क्रमांक, गाव, शेतकऱ्याचं पूर्ण नाव, ड्रायव्हरची सही, आणि दोन्ही वेळा इंडिकेटरचा मोबाइलवर फोटो. एक प्रत ड्रायव्हरच्या हातात तिथंच. हे सगळं त्या टेबलावर तुमचा काटा क्लार्क तुम्हाला सांगेल, बाहेरची एजन्सी नाही.

आणि हाताचं काम येतं कुणाला, हेही विचारा. नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या ॲल्युमिनियम कंपनीवर मार्च २०१९ मध्ये खंडणीचा हल्ला झाला. सुमारे ३५ हजार कर्मचारी, कितीतरी देशांत कारखाने. संगणक नेटवर्कला जोडू नका, असे कागद त्यांनी दारांवर चिकटवले, आणि अनेक ठिकाणी काम कागदावर, हातानं सुरू ठेवलं. जुनी पद्धत ठाऊक असलेले निवृत्त कामगार मदतीला आले. खंडणी त्यांनी दिली नाही. तुमच्या परिसरातही काट्यावर तीस वर्षं वही लिहून निवृत्त झालेलं कुणीतरी असेलच. त्यांना सरावाला बोलवा. गाडी घेऊन आणायला जा.

बॅकअपचा विषय निघेलच. "आहे की, रोज होतो," असं तुमच्याच खात्यातून उत्तर येईल. विचारा, कुठं आहे? सर्व्हरला कायम जोडलेल्या हार्डडिस्कवर असेल, तर सर्व्हरबरोबर तीही जाईल. खंडणी मागणारे आधी बॅकअपच शोधतात. जून २०१७ च्या हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीचं नेटवर्क जगभर कोसळलं, आपल्या न्हावाशेवा बंदरातलं त्यांचं टर्मिनलसुद्धा अडकलं. त्यांचं सगळं खातं-ओळख सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या प्रती एकमेकांशी जोडलेल्या असल्यामुळे सगळ्या पुसल्या गेल्या. एक वाचली, आफ्रिकेतल्या घाना देशात. का? त्या वेळी तिथं वीज गेली होती, म्हणून ती नेटवर्कवर नव्हती. त्या एका प्रतीवरून पुढची उभारणी झाली. तुम्ही वीज जायची वाट बघू नका. एक डिस्क बॅकअप झाल्यावर काढून तिजोरीत ठेवायची, दुसरी लावायची. आणि सरावाच्या आदल्या आठवड्यात एका गावाची गेल्या हंगामातली बिलं त्या डिस्कवरून दुसऱ्याच संगणकावर चढवून बघा, घड्याळ लावून. बैठकीत तो आकडा सांगा, मग तो दोन तास असो की दोन दिवस.

पैसे भरून सुटावं का, हा प्रश्नही टेबलावर येऊ द्या. मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन कंपनीनं ७५ बिटकॉइन, त्या वेळचे सुमारे ४४ लाख डॉलर भरले. मिळालेलं फायली उघडायचं साधन इतकं संथ होतं की कंपनीला आपल्या बॅकअपवरही अवलंबून राहावं लागलं. त्या हल्ल्यात मला आणखी महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. हल्ला ऑफिसच्या संगणकांवर होता, पाइपलाइन कंपनीनं स्वतःच थांबवली. तुमच्याकडेही हाच प्रश्न उभा राहील: काटा आणि ऑफिस अडकलं तर मिल चालू ठेवायची का? बॉयलर आणि सहवीजनिर्मितीची नियंत्रणं ऑफिसच्या नेटवर्कपासून खरोखर वेगळी आहेत का? चीफ इंजिनिअर "वेगळी आहेत" म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर जाऊन वायर डोळ्यांनी बघून या. पण सरावात त्या यंत्रणेला बोटही लावायचं नाही. पुढच्या कुठल्याही वर्षी, कुठल्याही एजन्सीनं सांगितलं तरी.

कायद्याचं थोडक्यात: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं असतं, आणि लॉग, म्हणजे संगणकांनी ठेवलेल्या नोंदी, १८० दिवस जपायचे असतात. रात्री दोनला लक्षात आलं तर सकाळी आठपर्यंत. म्हणजे "सोमवारी बघू" चालत नाही. कळवण्याचा मजकूर आत्ताच लिहून ठेवा, फक्त जागा भरायच्या. खात्यातून पैसे गेले असतील तर आधी बँक आणि १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. शनिवार मी उगाच निवडलेला नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा ऑगस्ट २०१८ मधला हल्ला शनिवारीच सुरू झाला, आणि दोन दिवसांच्या अंतरानं दोन टप्प्यांत मिळून सुमारे ९४ कोटी रुपये गेले.

एक खबरदारी घ्या. सरावातल्या प्रत्येक चिठ्ठीवर, प्रत्येक मेसेजवर ठळक अक्षरात "सराव" लिहा. एखादी चिठ्ठी फोटो होऊन बाहेर गेली आणि खरा हल्ला झाल्याची हूल उठली, तर शेतकरी रात्रीच गेटवर येतील.

दीड तासात थांबा. लोकांना घरी सोडण्याआधी काकांची वही वाचून घ्या, आणि सापडलेल्या गळत्यांपैकी फक्त पाच निवडा. प्रत्येकीसमोर एका माणसाचं नाव आणि तारीख लिहा. खात्याचं नाव लिहू नका, "ईडीपी विभाग" लिहिलं की काम कुणाचंच राहत नाही. हंगामापूर्वी मिलची ट्रायल होईल त्या दिवशी एक तास काटा खरोखर कागदावर चालवून बघा, कारखान्याचाच एखादा रिकामा ट्रॅक्टर चढवून-उतरवून. शाई वाहते का, पावतीवर गाडी क्रमांकाला जागा पुरते का, रात्री केबिनमधल्या दिव्यात अक्षर दिसतं का, हे तेव्हाच कळेल.

एजन्सीच्या लाखांचं पुढच्या वर्षी बघू. तेव्हा तुमच्याकडे फोन करणारी माणसं असतील आणि वायर ओढायचा अधिकार लेखी असेल. त्यांचं कोटेशन फाइलला लावून ठेवा.

आधी काकांकडे जाऊन या. आणि ट्रायलच्या दिवशी त्या पावतीपुस्तकातली पहिली पावती कुणी लिहिली, ते मला नक्की कळवा.